एका राबाला दोन विस्तव

राब म्हणजे काय, हे आता माझ्या नातसुनांनाही सांगावं लागतं, म्हणून आधी तेच सांगून टाकते. आमच्या मावळात भाताचं रोप नुसत्या नांगरलेल्या मातीत टाकत नाहीत. ज्या तुकड्यात रोप करायचं तो तुकडा आधी भाजावा लागतो. खाली शेणाचा थर, त्यावर झाडांचा तोडलेला टहाळ, त्यावर पालापाचोळा आणि गवत, आणि सगळ्यात वर बारीक माती. उन्हाळा सरता सरता हे पेटवायचं आणि सावकाश जळू द्यायचं. माती भाजली की तणाचं बी मरतं, राख जिरते, आणि पुढं रोप असं काळंभोर उठतं की बघत राहावं. शेण एकटं असलं की नुसतं धुमसतं. टहाळ एकटा असला की भडकून विझतो, मातीला धग लागतच नाही. दोन्ही लागतं. एवढं ध्यानात ठेवा, बाकीचं मी सांगते.

आमचं घर तुंगार्लीच्या वरच्या अंगाला, डोंगराला पाठ लावून बसलेलं. घरात आई, वडील, माझी थोरली चुलती म्हणजे काकी, माझा दादा आणि मी. वडील रेल्वेत, घाटातल्या रुळांवर कामाला. घरी यायचे ते झोपायला आणि धुतलेले कपडे न्यायला. काका मला कळायला लागायच्या आधीच गेले. काकीला मूल झालं नाही, पण तसं तिच्याकडं बघून कुणाच्या मनात आलं नसतं, कारण दादा तिचाच होता. अंगावरचं दूध सुटलं तेव्हापासून तो काकीच्या कुशीत निजला, तिच्या हातचं जेवला, गुडघा फुटला की आईला ओलांडून तिच्याकडं पळाला. आई हसायची. म्हणायची, "मी आपली आणून देणारी. पोरगं आक्काचं." आक्का म्हणजे काकी. दोघी जावा-जावा, पण सख्ख्या बहिणींना हेवा वाटावा अशा.

मग ती लढाई आली, दुसरी मोठी. दादा लोणावळ्यात एका शेठच्या बंगल्यावर मोटार पुसायच्या कामाला होता. पुसता पुसता चालवायला शिकला. लष्कराला तेव्हा मोटार हाकणारी पोरं पाहिजेच होती. त्याच्या डोक्यात ते शिरलं आणि काही केल्या निघेना. आई म्हणाली, जाऊ दे. काकी म्हणाली, न्हाई जायचं.

"मोटारच हाकायची हाय, आक्का. बंदूक थोडीच धरायचीय."

"मोटारीवर बाँब पडत न्हाई व्हय?"

दादा गेला तो गेलाच. तो गेला त्या संध्याकाळी काकी चुलीपाशी बसून होती, भाकरी थापायची तशीच राहिलेली. ती बोलत सुटली. कुठून कुठून काय काय काढलं. शेवटी म्हणाली, "सरकारला पोर वाहून मोकळी झालीस." आईला ते सोसलं नाही. ती म्हणाली, "पोटचं माझं हाय. धाडायचं का ठिवायचं ते मी बघंन."

काकी उठली. पीठ लागलेले हात धुतले, पदराला पुसले आणि ओट्यावर जाऊन बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. रागावली नाही.

पुढं आठवडाभरात तिनं वेगळं मागितलं. गावातली जाणती माणसं बसली, वडील खाली मान घालून बसले. जनावरं आमच्याकडं आली. डोंगराची उतरण, जिच्यावर ऐनाची आणि हिरड्याची झाडं होती, ती काकीकडं गेली, कारण ती झाडं काकांनी राखलेली. राबाच्या तुकड्यात मधोमध बांध घातला. घरातही कारवीच्या काठ्यांचा कूड उभा केला, त्याला दोन्ही अंगांनी शेणमाती लिंपली, आणि काकीनं तिच्या अंगाला वेगळं दार पाडलं. आता कारवीचा कूड म्हणजे काही दगडी भिंत नव्हे. इकडं कुणी उसासा टाकला तरी तिकडं ऐकू जायचा. पण दोघी एकमेकींशी बोलायच्या बंद झाल्या.

माझं मात्र बंद झालं नाही. मी दहा-अकरा वर्षांची, दोन्ही दारांतून आत-बाहेर करायची. दोघींना एकमेकींना काही कळवायचं असलं की माझ्याकरवी.

"तुज्या काकीला सांग, कोंबडी आमच्या अंगणात हागतीय."

काकी तिकडून ऐकतच असायची. मी तिच्या दाराशी पोचेपर्यंत तिचं उत्तर तयार. "तुज्या आयला सांग, कोंबडीला वाटणी ठाऊक न्हाई."

मला हसू यायचं. पण हसले की दोघींचा मार, त्यात मात्र एकी.

त्या वर्षी दोघींनी आपापला राब वेगळा केला. आमच्याकडं शेण उदंड, टहाळ नाही. रानातून आणावा म्हटलं तर रान उरलं होतं कुठं? लढाईमुळं पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी कोळशावर चालायला लागल्या होत्या. मोटारीच्या पाठीला हा एवढा पिंपासारखा बंब लावलेला, त्यात कोळसा धुमसतोय, आणि गाडी खोकत खोकत चढ चढतेय. त्या कोळशासाठी डोंगरचे डोंगर तोडून नेले. तर आमचा राब नुसता धुमसला, महिनाभर घराला वास. काकीचा राब भसकन पेटला आणि भसकन विझला. रोप दोन्हीकडं पिवळं, तणात हरवलेलं. भात झालं ते असं की वर्षाच्या मध्यालाच कणग्या खरवडायची वेळ आली. बाजारात धान्य मापून मिळायला लागलेलं, रॉकेलसाठी रांगा. दुकानदार म्हणायचा, ब्रह्मदेश जपान्यांनी घेतला, तिकडचं तेल बंद झालं. आम्हाला ब्रह्मदेश कुठं ते ठाऊक नाही, पण चिमणीत तेल नाही हे ठाऊक. आणि गंमत बघा, आमच्याच भागातल्या धरणांचं पाणी घाटाखाली सोडून वीज करायचे, ती तारांवरनं आमच्या डोक्यावरून मुंबईला जायची. धरणावर बंदुकीवाले पहारेकरी बसवलेले, कुणी शत्रूनं काही करू नये म्हणून. तारांखाली आम्ही अंधारात भाकरी खायचो, आणि कुडाच्या पलीकडं काकी अंधारात भाकरी खायची.

दुसरं वर्ष लागलं. शिमगा जवळ आला, टहाळ तोडायचे दिवस आले. आणि एक दिवस दुपारी एक पोरगा अंगणात येऊन उभा राहिला. वराळ्याकडचा, खाकी कपडे, रजेवर आलेला. दादाच्याच तुकडीत मोटार हाकायचा. आईनं त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, गूळ दिला. काकी तिच्या दारात सूप घेऊन बसली. सुपात काही नव्हतं, मी पाहिलं.

"कसा हाय माझा लेक?" आईनं विचारलं.

"झ्याक हाय, मावशी. रापलाय लय. आमी इराणात असतो, रेताडात. सरहद्दीवर आमच्याकडचं रेल्वेचं टेसन हाय, तितनं माल भरायचा आणि पार वर न्यायचा. रबर, कापड, तेल, काय काय. आणि तितं रशियाच्या लोकांच्या ताब्यात द्यायचा."

"रशिया म्हंजी?"

"लय मोटं राज्य, मावशी. विंग्रजांचं जुनं वैरी. आमचा सायेब सांगतो, त्याच्या आज्यापासून सगळ्यांना रशियाची भीती घालत्यात, की ते हिंदुस्थानात उतरतील म्हून. आणि आता त्यांनाच माल पोचवतोय आमी."

आईला हे पटेना. "वैऱ्याला कशापायी माल द्यायचा?"

"जर्मन दोघांच्याबी उरावर बसलाय. रशियाची लढाई बंद पडली तर तो सगळा हिकडं फिरंल. म्हून हे जुळवून घेतलंय. पण मन न्हाई जुळलं बघा. काय सांगू तुमाला, तेलाच्या कोठाराला दोन कुलपं. एक आमच्या सायबाचं, एक त्यांच्या सायबाचं. दोघंबी आल्याबिगर दार उघडत न्हाई. पहाऱ्याला आमचा शिपाई आणि त्यांचा शिपाई शेजारी-शेजारी, आणि दोघांचं लक्ष कोठारावर कमी, एकमेकांवर जास्त."

आई हसली. तिच्या दारात बसलेली काकीही हसली, पण खोकल्यासारखं करून.

"आणि माझा लेक?"

"तुमचा लेक त्या रशियन शिपायाला चहा पाजतो. भाषा येत न्हाई, पण चालू असतंय दोघांचं. तो त्याला काळा पाव देतो. साखर देतो." त्यानं खिशातून कापडात गुंडाळलेला एक खडा काढला. साखरच, पण दगडासारखी, मुठीएवढी, पांढरी शुभ्र. "ही तुमच्या लेकानं तुमच्यासाठी धाडलीय. म्हणाला, दोन्ही आयांना दे."

काकीच्या हातातलं सूप थांबलं.

तो पोरगा गेला. जाताना काकीच्याही पाया पडला, ती त्याच्या डोक्यावर हात ठेवून काही तरी पुटपुटली. मग आईनं तो खडा उंबऱ्यावर ठेवून कोयत्याच्या पाठीनं फोडला. सरळ दोन तुकडे होतील तर कसले. एक मोठा, एक लहान. आईनं मोठा माझ्या हातात दिला. "जा, काकीला दे."

काकीनं तो तुकडा घेतला, हातात धरून बघितला आणि परत माझ्या हातात ठेवला. तिचा आवाज एवढाच होता की कुडापलीकडं जावा. "तुज्या आयला सांग, मोठा तुकडा तिनंच ठिवावा. पोटचं तिचं हाय."

मी परत आले. आईला सांगायची गरजच नव्हती, ती कुडाला टेकून उभी होती.  तिनं लहान तुकडा माझ्या दुसऱ्या हातात दिला. "हा दे." काकीनं तो ठेवून घेतला. साखर मिळत नव्हती त्या दिवसांत, चहात गूळ घालायचे आम्ही. तरी त्या दोन तुकड्यांतला एकही कुणी तोंडात टाकला नाही.

दादा परत येईल तेव्हा त्यानं कुणाच्या दारात पाऊल टाकायचं, हा प्रश्न तेव्हापासून घरात बसून होता. कुणी काढत नव्हतं, पण होता. आईच्या एका वाक्यानं काकीचं सगळं काढून घेतलं होतं. आणि ते परत कसं द्यायचं हे आईला सुचत नव्हतं.

राबाचं मात्र थांबून चालणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई कुडाजवळ भांडी घासायला बसली. भांडी घासायची जागा ती नव्हे. काकीही तिकडून जवळच काहीतरी कुटत होती.

"तुज्या काकीला इचार," आई मला म्हणाली, "टहाळ देती का."

मी हललेसुद्धा नाही, तोवर पलीकडून, "तुज्या आयला इचार, उतरणीची राखण करती का. दिसाढवळ्या लोक कोयते घिऊन झाडावर चढत्यात. मी एकटी कुटं कुटं बघू? ठेकेदार तर रोज येतो, सगळी झाडं कोळशाला दे म्हून."

आईच्या हातातली राखुंडी थांबली. झाडं कोळशाला गेली की मग कायमचंच. "तिला सांग, सकाळी मी बसंन उतरणीला, दुपारची तिनं बसावं. आमचा कुत्राबी न्यावा."

"तिला सांग, कुत्र्याला भाकरी मी घालीन. पण शेण पुरतं पाहिजे. मागल्या खेपंसारखं वाळलेल्या गवऱ्या देऊन भागायचं न्हाई."

"तिला सांग, टहाळ बी ऐनाचाच पाहिजे. करवंदीच्या काटक्या न्हाई चालायच्या."

"तिला सांग..."

मी दोघींच्या मध्ये कुडाला पाठ लावून बसले आणि बोरं खात राहिले. करार माझ्याशिवायच पुरा झाला. दोन्ही तुकड्यांवर मिळून एकच राब रचायचा, बांधावरूनच थर घालायचे, अर्धं रोप हिचं, अर्धं तिचं. बोलायचं नाही.

आणि खरंच, तसंच झालं. सकाळी आई उतरणीला जाऊन बसायची, कोयता मांडीवर. दुपारी काकी आली की आई उठायची. दोघी एका पायवाटेनं एकमेकींना ओलांडून जायच्या आणि एकीनं दुसरीकडं मान वर करून बघायचं नाही. पण आई तिथं पाण्याची कळशी भरलेली ठेवून यायची. काकी संध्याकाळी परतताना ती कळशी घासून आणायची. ठेकेदार एकदा आला तेव्हा आई होती. तिनं त्याला असं काही सुनावलं की तो म्हणाला, "झाडं तुमच्या जावंची न्हवं?" आई म्हणाली, "जाऊ माजीच हाय." हे मी काकीला जाऊन सांगितलं. काकी म्हणाली, "तिच्या तोंडाला लागणारा अजून जन्मायचाय," आणि दिवसभर खुशीत होती.

राब रचताना दोघींची तऱ्हा त्या इराणातल्या शिपायांसारखीच. आईनं शेण पसरलं की काकी काठी खुपसून थर किती आहे ते बघणार. काकीनं टहाळ अंथरला की आई एक-एक फांदी उचलून मध्ये भोक राहिलंय का बघणार. तपासून तपासून राब असा झाला की गावातली माणसं बघायला आली.

आता पेटवायचं. राब कसा पेटवतात, तर वाऱ्याच्या उलट्या अंगानं. वारा जिकडं जातो त्या टोकाला विस्तव लावायचा, म्हणजे आग वाऱ्याला तोंड देत देत मागं सरकते, सावकाश, आणि माती भाजते. एकाच टोकाला. मावळातल्या पोरालाही हे ठाऊक. पण ते टोक पडलं आमच्या अंगाला. आणि दोन कुलपांची गोष्ट आईच्या डोक्यात घर करून बसलेली. ती म्हणाली, "तिला सांग, मी एकटी पेटवणार न्हाई. मागनं काही झालं तर बोल माज्यावर. दोघींनी पेटवायचं. तिनं तिच्या अंगाला, मी माझ्या." काकी म्हणाली, "मीबी तेच म्हणणार हुते." ती गोष्ट तिनंही ऐकली होतीच की. इतकी मोठी राज्यं तसं करतात म्हटल्यावर आपण काय शहाण्या?

काडीपेटी मिळत नव्हती. दोघी आपापल्या चुलीतला विस्तव खापरात घेऊन आल्या. तांबडं फुटत होतं, वारा पडलेला. भोवतीनं गवत खरवडून पट्टा केलेला, ओल्या फांद्या आणि पाण्याचे हंडे ठेवलेले. आईनं आमच्या टोकाला विस्तव ठेवला, काकीनं तिच्या. आमच्या अंगाची आग शहाण्यासारखी सरकायला लागली. काकीच्या अंगाचीही थोडा वेळ. मग दिवस वर आला आणि घाटाकडून वारा सुटला. तो सगळा काकीच्या आगीच्या पाठीशी. ती आग धावतच निघाली. टहाळ तडातडा फुटायला लागला, ठिणग्या पट्टा ओलांडून वाळल्या गवतात पडल्या, आणि गवत लागलं उतरणीकडं पेटत जायला. ऐनाच्या झाडांकडं.

दोघी पळाल्या. ओल्या फांद्यांनी झोडपायला लागल्या. मी हंडा उचलायला गेले तो उचलेना, मग तांब्यानं पाणी टाकत सुटले. धुरात काही दिसत नव्हतं, नुसता झोडपल्याचा आवाज. आणि मग मला दिसलं, काकीच्या पदराचं टोक मागं पेटलंय आणि तिला कळलेलं नाही. ती झाडांकडंच चाललेली.

"आक्का, पदर! पदर टाक!"

आईचा आवाज. वर्ष-दीड वर्षात पहिल्यांदा तिनं काकीला हाक मारली होती. काकी वळली, तिला कळेना. आई धावली, हातानंच तो पदर धरून ओढला, खाली मातीत घातला, त्यावर बसली. मग दोघी उठून पुन्हा आगीवर. धुराचा लोट बघून खालची माणसं आली, आणि आग उतरणीच्या पायथ्याशी थांबली. पहिल्या ओळीतली झाडं नुसती काळवंडली.

माणसं गेल्यावर दोघी बांधावर बसल्या. तोंडं कोळशागत. आईनं उजवा हात मांडीखाली घेतलेला.

"तुज्या आयला सांग," काकी मला म्हणाली, "हात दाखव म्हून."

आई समोर बघत होती. "तिला सांग, तिनंच इचारावं."

काकी सरकून जवळ आली. मग म्हणाली, "हात दाव, धाकटे."

आईनं हात पुढं केला. तळवा फोडांनी भरलेला. काकीनं बांधाच्या कडेची कोरफड तोडली, सोलली, आणि त्या हातावर लावत राहिली. फुंकर घालत राहिली. आई हळूच म्हणाली, "कुलपं दोन चालतील आक्का, पण विस्तव एकच पाहिजे हुता." काकी म्हणाली, "तुलाच लय शाणपण सुचतं," आणि दोघी हसायला लागल्या. हसता हसता काकीच्या डोळ्यांतून पाणी काळ्या गालांवरून खाली आलं, धुरामुळं असेल. मी तिथंच उभी, हातात रिकामा तांब्या.

राब निम्मा चांगला भाजला होता, निम्मा फुकट गेला. सगळ्यात चांगला भाजला तो मधला पट्टा, बांधावरचा, जिथं दोन्ही आगी येऊन मिळाल्या. आवणीला, म्हणजे रोप उपटून खाचरात लावायच्या वेळी, सगळ्यात जोमदार रोप तिथलंच निघालं. ते कुणाचं म्हणायचं ठरलं नव्हतं, म्हणून दोघींच्या खाचरांत वाटून लावलं.

त्यानंतर दोघी बोलायला लागल्या. पण कामापुरतं, शेण-टहाळापुरतं. दादाचा विषय आला की दोघी गप्प. काकी आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आली नाही. ते वाक्य अजून तिथंच पडलेलं होतं, ते ओलांडल्याशिवाय आत यायला वाट नव्हती.

फक्त एक झालं. दिवाळीच्या आधी घर लिंपतात, तेव्हा आईनं सगळं घर लिंपलं आणि मधला कूड तेवढा सोडला. मी विचारलं तर म्हणाली, "माती पुरली न्हाई." काकीकडं गेले तर तिनंही तो तिच्या अंगानं सोडलेला. ती म्हणाली, "कंबर धरली माजी." पुढल्या वर्षीही तसंच. कुडाची माती सुटायला लागली. आधी वरची पडली, मग मधली. कारवीच्या काठ्या उघड्या पडल्या आणि फटींतून काकीची चूल दिसायला लागली.

लढाई संपली तरी दादाला यायला पुष्कळ दिवस लागले. आला तो सकाळच्या गाडीनं लोणावळ्याला उतरून, पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन चालत. मी त्याला वळणावर पाहिलं आणि ओरडत आत आले. आई ओट्यावर आली. काकी तिच्या दारात आली. दादा अंगणात उभा राहिला. त्यानं ती दोन दारं पहिल्यांदाच पाहिली. पेटी खाली ठेवली, एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण पाय उचलेना.

काकी दारातून मागं सरायला लागली. दाराच्या चौकटीला धरलेला तिचा हात मला आठवतो.

आई ओट्यावरून खाली उतरली. दादाकडं गेलीच नाही. सरळ काकीच्या दाराशी गेली आणि म्हणाली, "आक्का, तुजं पोर आलंय. घे की."

काकीनं चौकट सोडली नाही. आई पुन्हा म्हणाली, "तुजंच हाय. मी आपली आणून देणारी."

मग दादाच पुढं झाला. काकीनं त्याला धरलं आणि पहिलं काय म्हणाली असेल, तर, "किती वाळलास. तितं कुणी जेवाय घालत हुतं का न्हाई?"

दुपारी जेवायला तो आमच्याकडं बसला, कुडाला लागूनच. भात नव्या रोपाचा, दोघींच्या खाचरांतला. आईनं वाढलं. तो खाता खाता सांगत होता, इराणातलं. मी विचारलं, "तुझा तो रशियन शिपाई?" तो म्हणाला, "लढाई सपली आणि सगळं पालटलं. कोठार रिकामं झालं तसं दोन्ही सायबांनी आपापली कुलपं काढून नेली. आमाला हुकूम आला, त्यांच्या माणसांशी बोलायचं न्हाई. तो लांबनं हात हलवायचा. मग तेबी बंद झालं. आता म्हणत्यात, पुन्यांदा वैर धरणार हायेत."

आई भात वाढता वाढता थांबली. "त्यांला वर्षाला राब भाजाय लागत न्हाई वाटतं," ती म्हणाली. "लागला असता तर कुटं जातील?"

दादाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो आमच्याकडं बघायला लागला. तेवढ्यात कुडाच्या दोन काठ्यांमधून एक हात आत आला. काकीचा. हातात वाटी, वाटीत खीर. खिरीवरून वाफ येत होती, आणि साखरेचा तो जुना खडा तिनं त्यात घातला होता, अजून पुरता विरघळलेला नव्हता.

"ह्ये आधी खा," पलीकडून आवाज आला.

दादानं आईकडं बघितलं. आई म्हणाली, "खा की. मागं मला बोल लावंल ती." आणि उठून फडताळातून आपल्या वाटणीचा मोठा तुकडा काढला, कापडातून सोडवला, आणि त्याच फटीतून पलीकडं दिला.